सिंधुदुर्ग-गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्कामी असाल तर काय बघाल, कसं बघाल

वेंगुर्ल्यापासून मोरजीपर्यंत समुद्राकाठच्या बंगल्यांच्या आवारात माड, पोफळी, काजू आणि नशीब असेल तर एखादा जुना वड असतो. प्राणी-पक्षी बघायचं निम्मं काम तिथेच होतं.

सकाळी आठ ते अकरा पोफळीची खोडं बघा. उडता सरडा सालीच्याच रंगाचा, त्यामुळे समोरून बघितलं तर सापडत नाही. खोडाची कड आकाशाच्या उजेडात येईल असे उभे राहा. नर गळ्याखालची पिवळी पिशवी उघडतो-मिटतो, तीच आधी दिसते. तुम्ही जवळ गेलात की तो फिरून खोडामागे जातो. दोघांनी दोन बाजू धराव्यात. झाड हलवू नका. थांबलात तर तो वर चढून आपणहून झेप घेतो.

वड-उंबर पिकलेत का, हे बागेत काम करणाऱ्यांना विचारा. पिकले असतील तर मलबारी धनेश येतोच, आणि दिसण्याआधी पंखांचा आवाज येतो. मार्च-एप्रिलमध्ये नर एकटाच फळं नेताना दिसला तर मादी ढोलीत कोंडून बसलेली असू शकते. त्याच्या मागे जाऊ नका. माणसं जवळ असली की तो ढोलीकडे येत नाही आणि आतली उपाशी राहते.

किनाऱ्यावर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची दिसते ती ब्राह्मणी घार. समुद्र गरुड बराच मोठा, पोट पांढरं, पंख करडे, तरंगताना वर उचललेले.

वायंगणी, मोरजी, आगोंद इथे कासवं अंडी घालतात. पिल्लं साधारण 50 दिवसांनी निघतात. ती उजेडाकडे वळतात, म्हणून समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवा. पिल्लांवर फ्लॅश नको.

सापांचं मात्र नीट ऐका. फुरसं जेमतेम फूट-दीड फुटाचं, जांभ्याच्या गडग्यात (दगड रचून केलेल्या कुंपणात), दगडाखाली असतं. गडग्यात हात घालू नका, अंधारात बॅटरी आणि बंद बूट हवेतच. मण्यार रात्री घरात शिरते, म्हणून जमिनीवर झोपू नका आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तरी संशय घ्या. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं नको. चावलेला हात-पाय न हलवता 108 ला फोन करा. घरात साप दिसला तर महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक 1926.