टोकियोच्या रस्त्यावरची फॅशन: कुठे बघायची, कशी टिपायची, मापात कशी घ्यायची

हाराजुकू स्टेशनसमोरच्या ताकेशिता गल्लीत शिरणारे बरेच प्रवासी तासाभरात हिरमुसून बाहेर पडतात. जेमतेम साडेतीनशे मीटरच्या या गल्लीत क्रेप (गोड, पातळ धिरडी), मोजे, फोनची कव्हरं आणि इतर प्रवासीच जास्त भेटतात. ज्या रंगीबेरंगी पोरापोरींचे फोटो पाहून आपण आलो, ती दिसत नाहीत. त्याला कारण आहे. पूर्वी रविवारी इथला मोठा रस्ता वाहनांना बंद असायचा आणि तरुण मंडळी नटूनथटून दिवसभर तिथे जमायची. ती प्रथा १९९८ मध्ये थांबली आणि घोळका करून उभं राहायची जागाच गेली. फॅशन मात्र संपली नाही, वेगवेगळ्या पेठांत पांगली. म्हणून ती बघायची तर पेठ आणि वेळ नीट निवडावी लागते.

वेळ आणि रस्ता

शनिवार किंवा रविवार, दुपारी १ ते ५. कपड्यांची दुकानं साधारण ११ वाजता उघडतात, जुन्या कपड्यांची तर बरीचशी १२ नंतर. सकाळी ९ ला पोचलात तर बंद शटर बघाल. ऋतूंपैकी ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला, कारण इथली खरी करामत थरांत असते आणि थर घालायला थंडी लागते. ऑगस्टच्या दमट उकाड्यात सगळेच एका टी-शर्टवर येतात.

हाराजुकूत ताकेशिता गल्ली दहा मिनिटांत उरका आणि मेइजी रस्त्यावरच्या लाफोरेकडे वळा. १९७८ पासूनची ही दुकानांची इमारत आहे. गॉथिक (काळा, गूढ) आणि लोलिता (झालरींचा, बाहुलीसारखा) पेहरावाचे चाहते आजही इथल्या दुकानांत येतात. तिथून ओमोतेसांदो या मोठ्या रस्त्याच्या मागच्या बारीक गल्ल्यांत, म्हणजे उरा-हाराजुकूत जा. १९९३ मध्ये निगो आणि जुन ताकाहाशी या डिझायनरांनी इथेच छोटं दुकान थाटलं आणि जपानी स्ट्रीटवेअरला जोर आला. पुढे कॅट स्ट्रीट धरा. हा रस्ता शिबुया नदी झाकून तिच्यावर केलेला आहे, म्हणून तो वळणावळणाचा. रमतगमत वीसेक मिनिटांत शिबुयाला पोचता.

शिबुयाहून केइओ इनोकाशिरा लाइनची एक्सप्रेस पकडा, पहिलाच थांबा शिमोकिताझावा. जुन्या कपड्यांची दुकानं इथे एकमेकांना खेटून आहेत. गिऱ्हाईक विद्यार्थी, नाटकवाले, बँडवाले. टोकियोची रोजची, अंगावर मुरलेली फॅशन बघायला आमच्या मते याहून चांगली जागा नाही. दुसरा दिवस मोकळा असेल तर कोएंजी करा, तिथला माल जास्त विक्षिप्त आणि दुकानदार जास्त बोलके. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चुओ लाइनची रॅपिड गाडी कोएंजीला थांबत नाही. शिंजुकूहून पिवळ्या पट्ट्याची, सगळी स्टेशनं घेणारी गाडी धरा, नाहीतर थेट पुढे निघून जाल.

आणि एखादी दुपार सुगामोला नक्की द्या. जिझो-दोरी या बाजारपेठेला आज्यांचं हाराजुकू म्हणतात. फुलाफुलांचे ब्लाउज, हातांनी विणलेल्या टोप्या, लाल अंतर्वस्त्रांचं प्रसिद्ध दुकान. सत्तरीतल्या बायका किती विचारपूर्वक रंग जुळवतात, ते पाहण्यासारखं आहे.

पेहराव कसा वाचायचा

नजर खालून वर न्या. आधी बूट आणि मोजे, मग पँटची मोहरी बुटावर कुठे टेकते ते. घेरदार पँट असली तरी ती बुटाच्या पाठीवर जेमतेम टेकते, टाचेखाली लोळत नाही. मग वरचा भाग: खाली घेर असेल तर जॅकेट कमरेशी संपतं, वर ढगळ असेल तर खाली सरळ. आतल्या पांढऱ्या टी-शर्टची कड स्वेटरखाली तीन-चार सेंटिमीटर मुद्दाम दिसू दिलेली असते. बरेचदा रंग दोन-तीनच असतात, फरक कापडाच्या पोतात असतो, म्हणजे एकाच काळ्या रंगात लोकर, नायलॉन आणि सुती. प्रवाशाला वाटतं की हा पेहराव विचित्र कपड्यांमुळे उठून दिसतोय. प्रत्यक्षात तो लांबी-रुंदीच्या हिशोबामुळे उठून दिसतो, आणि हा हिशोब घरच्या कपड्यांतही करता येतो.

फोटो काढताना

न विचारता काढू नका. अनोळखी माणसाचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध केला तर जपानमध्ये दिवाणी दावा होऊ शकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते तिथल्या माणसाच्या मनाला फार लागतं. समोरून जा, थोडं वाकून म्हणा: «सुमिमासेन, शाशिन ओ तोत्ते मो ईई देस का?» (माफ करा, फोटो काढला तर चालेल का?) इंटरनेटवर टाकणार असाल तर तेही आधीच विचारा. «चोत्तो…» (जरा…) म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर तो नकार आहे, पुन्हा विचारू नका. गणवेशातल्या शाळकरी मुलांना विचारूच नका. दुकानाच्या आत कर्मचाऱ्याची परवानगी घ्या.

होकार मिळाला की माणसाला रस्त्याच्या कडेला, साध्या भिंतीसमोर घ्या. तीन मीटर मागे या आणि कॅमेरा डोळ्यांपाशी न धरता कमरेच्या उंचीवर धरा. डोळ्यांच्या उंचीवरून काढला की पाय आखूड दिसतात आणि पेहरावाचं सगळं प्रमाण बिघडतं. बूट कापले जाणार नाहीत याची काळजी घ्या. वाईड लेन्स टाळा, कडेचे भाग ताणले जातात.

मापं: खरी मेख इथे आहे

आपल्याकडचा एल म्हणजे तिथला एल, असं धरून घेतलेला शर्ट खांद्यात अडकतो. जपानी मानकानुसार पुरुषांचा एम म्हणजे शरीराची छाती ८८–९६ सेंमी आणि उंची १६५–१७५ सेंमी. एलची छाती ९६–१०४. त्यापुढे एलएल, म्हणजे तिथला एक्सएल, १०४–११२. बेचाळीस इंची छाती म्हणजे जवळपास १०७ सेंमी, तिला एलएल लागेल. बायकांचे आकडे ७, ९, ११, १३ असे असतात. ९ नंबर म्हणजे छाती ८३ आणि उंची १५८ सेंमी. बुटांना थेट पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते.

जुन्या कपड्यांत मात्र लेबलवर विसंबूच नका. तो कपडा अमेरिकेतून आलेला असेल, आधी कुणीतरी आटवलेला असेल. निघण्यापूर्वी घरी स्वतःचा उत्तम बसणारा शर्ट आणि पँट सपाट पसरून मोजा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. दुकानांच्या चिठ्ठ्यांवरही हीच मापं असतात: काता-हाबा म्हणजे खांदा, शिवणीपासून शिवणीपर्यंत, मी-हाबा म्हणजे एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतची रुंदी, की-ताके म्हणजे कॉलर सोडून मागची उंची, सोदे-ताके म्हणजे बाही. पँटमध्ये मातागामी म्हणजे आसन, माताशिता म्हणजे आतली लांबी. मी-हाबा सपाट मोजलेली असते, म्हणून तिची दुप्पट करा: ५५ म्हणजे घेर ११०, आणि १०० सेंमी छातीला तो नेटका बसतो. खांदा दोन सेंमीहून जास्त कमी असेल तर सोडून द्या. बाही-उंची शिंपी कमी करू शकतो, खांदा वाढवू शकत नाही. छोटी टेप खिशात ठेवा.

ट्रायल रूममध्ये शिरताना बूट बाहेर काढा. बायकांच्या विभागात पातळ कापडाची पिशवी मिळते. ती आधी डोक्यावरून चेहऱ्यावर ओढायची, मगच कपडा घालायचा, म्हणजे मेकअप कपड्याला लागत नाही.

वापरलेले किमोनो आणि हाओरी (किमोनोवर घालायचं जॅकेट) हेही मिळतात. पूर्ण किमोनो नेसायला शिकावं लागतं. हाओरी मात्र कुर्त्यावर किंवा जीन्सवर लगेच चालते. तिथे युकी हे माप बघा: हात तिरका खाली धरून मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंत. रेशमी हाओरी पाण्यात घालू नका, क्रेपचं रेशीम आटतं आणि रंग उतरतो.

माल पारखताना

नकली लेदरची जॅकेटं आणि फोमच्या तळव्यांचे जुने स्नीकर्स यांपासून दूर राहा. त्यातलं पॉलियुरेथेन (एक प्रकारचं प्लास्टिक) हवेतल्या ओलाव्याने वर्षागणिक विघटित होतं. दुकानात धडधाकट दिसणारा बूट मुंबईच्या किंवा कोकणच्या एका पावसाळ्यात भुगा होऊ शकतो. अंगठ्याने दाबा, चिकट लागलं किंवा सुरकुतीत भेग दिसली तर ठेवून द्या. जीन्सच्या लेबलवर तीन-चार टक्के पॉलियुरेथेन लिहिलेलं असेल तर तो फक्त ताणणारा धागा, त्याला घाबरू नका. बगला, कॉलरची आतली बाजू, अस्तर आणि चेन या चार जागा उजेडात बघा. चिठ्ठीवर शिमी म्हणजे डाग, होत्सुरे म्हणजे उसवण.

कपडा जपानी असेल तर धुण्याच्या लेबलवरून वयाचाही अंदाज येतो. डिसेंबर २०१६ मध्ये जपानने आंतरराष्ट्रीय चिन्हं स्वीकारली. त्याआधीच्या लेबलवर वॉशिंग मशीनचं चित्र आणि जपानी अक्षरं सापडतात.

घासाघीस चालत नाही, तिने दुकानदार अवघडतो. आवडला नाही म्हणून माल सहसा परत घेत नाहीत. पैसे छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. पिशवीचे वेगळे पैसे पडतात, तेव्हा कापडी पिशवी सोबत असू द्या.

कर

किमतीत १० टक्के उपभोग कर असतो. एकाच दुकानात एका दिवसात कर वगळून ५,००० येनची खरेदी झाली आणि ते दुकान करमुक्त विक्री करणारं असलं तर सूट मिळते, पासपोर्ट मात्र मूळ लागतो, झेरॉक्स चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात करासकट पूर्ण पैसे भरायचे, खरेदीपासून ९० दिवसांच्या आत देश सोडताना विमानतळावर कस्टम्सची नोंद करायची, मग कर परत मिळतो. अधिकारी माल दाखवायला सांगू शकतात, त्यामुळे मोठी बॅग चेक-इनला देण्यापूर्वीच हे काम उरका.