एव्हियन मेटान्यूमोव्हायरसचे जनुकीय विश्लेषण : स्वॅबपासून वंशवृक्षापर्यंत

टर्की आणि कोंबड्यांच्या श्वसनमार्गाला बाधणारा एव्हियन मेटान्यूमोव्हायरस 1970च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील टर्कींमध्ये प्रथम आढळला. ए, बी, सी आणि डी हे त्याचे प्रस्थापित उपप्रकार. 2024 मध्ये अमेरिकेत ए आणि बी या उपप्रकारांचा प्रसार झाल्यापासून, कळपात नव्याने शिरलेला विषाणू नेमका कोणता, हे ठरवण्याची निकड वाढली आहे.

विश्लेषणाचे यश यंत्रापेक्षा नमुना केव्हा घेतला यावर अधिक अवलंबून असते. डोके सुजलेले किंवा मान वाकडी झालेले पक्षी दिसू लागतात, तेव्हा जिवाणूंचा दुय्यम संसर्ग बळावलेला असतो आणि विषाणू बहुधा निघून गेलेला असतो. त्यामुळे सर्वांत आजारी पक्षी निवडण्याचा मोह टाळावा आणि नाकातून नुकताच पातळ स्राव येऊ लागलेल्या अनेक पक्ष्यांच्या टाळूच्या फटीतून पॉलिएस्टरच्या स्वॅबने (टोकाला बोळा असलेल्या काडीने) नमुने घ्यावेत. ते बर्फावर पाठवावेत. विलंब होणार असल्यास उणे 70 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावेत. बर्ड फ्लू आणि राणीखेत यांची शक्यता आधी तपासून घेणे अनिवार्य समजावे.

या विषाणूचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, ऋण दिशेच्या (प्रथिन बनवण्यासाठी थेट वाचता न येणाऱ्या) आरएनएचा असून त्याला पॉली-ए शेपूट, म्हणजे टोकाला ‘ए’ अक्षरांची सलग माळ, नसते. साहजिकच केवळ ऑलिगो-डीटी प्रायमर (त्या ‘ए’ माळेलाच चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरल्यास संदेशवाहक आरएनए तेवढा पकडला जातो, जीनोम निसटतो. म्हणून सीडीएनए (आरएनएवरून तयार केलेली डीएनए प्रत) बनवताना रँडम हेक्सामर, म्हणजे कुठेही चिकटू शकणारे सहा अक्षरी प्रायमर, वापरावेत. विषाणू आहे की नाही हे पाहण्यासाठी एन किंवा एल यांसारखे स्थिर जनुक आणि उपप्रकार ठरवण्यासाठी सर्वाधिक बदलणारे जी जनुक निवडावे. प्रत्येक फेरीत ऋण नियंत्रण (विषाणू नसलेला तुलनेचा नमुना) असावेच.

पीसीआरने (जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने) मिळालेल्या तुकड्याचा क्रम दोन्ही दिशांनी वाचून घ्यावा. क्रोमॅटोग्राममध्ये (वाचनाच्या शिखरांच्या आलेखात) एकाच जागी दोन शिखरे दिसली, तर ती लगेच दोष म्हणून पुसून टाकू नयेत, कारण लसीतला आणि कळपांत नैसर्गिकरीत्या फिरणारा असे दोन्ही विषाणू एकाच नमुन्यात असू शकतात. मधूनच थांबा-संकेत (प्रथिन तिथेच संपवणारी तीन अक्षरे) येत असल्यास वाचन पुन्हा तपासावे. पुढे एमएएफएफटी या संगणक प्रणालीने क्रम जुळवून आयक्यू-ट्री किंवा मेगा या प्रणालीत मॅक्सिमम लाइकलिहूड (सर्वाधिक संभाव्य वृक्ष शोधणाऱ्या) पद्धतीने, 1000 बूटस्ट्रॅपसह (फांद्या किती भरवशाच्या हे पाहणाऱ्या पुनर्चाचण्यांसह) वंशवृक्ष काढावा.

या वृक्षात वापरात असलेल्या जिवंत लसींचे आणि त्यांच्या मूळ पितृविषाणूंचे (ज्यांपासून त्या लसी बनवल्या त्यांचे) क्रम नसतील, तर निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही. लस आणि तिचा पितृविषाणू यांत मोजक्याच न्यूक्लिओटाइडांचा (जनुकीय अक्षरांचा) फरक असल्यामुळे, नमुन्याचा क्रम कोणाशी जुळतो हे एकेक जागा तपासून ठरवावे आणि कळपाच्या लसीकरणाची तारीख अहवालात नोंदवावी. लसीशी जवळीक दिसली म्हणून तो विषाणू निरुपद्रवी ठरत नाही; लसविषाणू पक्ष्यांमधून पसरताना पुन्हा तीव्र होऊ शकतो. शिवाय जी जनुकाच्या तुकड्यावरून त्याची मारकता सांगता येत नाही. त्यासाठी संपूर्ण जीनोम वाचणे आणि पक्ष्यांवरील नियंत्रित चाचणी करणे गरजेचे असते.