अँग्विलाला जाताय? या चुका टाळा

अँग्विला हे जेमतेम २६ किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर रुंद बेट. कॅरिबियन समुद्रातलं, ब्रिटनच्या अखत्यारीतलं, सपाट, चुनखडीचं. नदी नाही, डोंगर नाही, मोठी क्रूझ जहाजं नाहीत. या शांततेचेच पैसे मोजावे लागतात. पण ‘एवढे पैसे भरलेत, आता रिसॉर्टवाले बघून घेतील’ या भरवशावर राहिलात की पंचाईत ठरलेली.

पहिला घोळ होतो तो तिकीट काढतानाच. बहुतेक जण शेजारच्या सेंट मार्टिनवरून जातात. विमान उतरतं बेटाच्या डच भागात, सार्वजनिक फेरीबोट सुटते फ्रेंच भागातल्या मॅरिगोहून. समुद्रातला प्रवास फक्त २५ मिनिटांचा, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. चारला उतरलो. बॅगा उशिरा आल्या, त्यात वाटेतला पूल बोटींसाठी वर उचललेला. टॅक्सीत बसून एकामागून एक जाणाऱ्या यॉट मोजत राहिलो आणि शेवटची फेरी गेली. रात्र मॅरिगोच्या साध्या लॉजवर काढली. रिसॉर्टने रिकाम्या खोलीचे पैसे घेतले ते घेतलेच. तेव्हा दुपारी दोनच्या आत उतरेल असंच विमान घ्या, नाहीतर विमानतळाजवळच्या धक्क्यावरून सुटणारी स्पीडबोट आधीच बुक करा. अमेरिकेतून जाणाऱ्यांना डिसेंबर २०२१ पासून मायामीहून थेट अँग्विलाला विमान आहे. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी तर तेच धरावं.

भारतीय पासपोर्ट असेल तर डच, फ्रेंच आणि ब्रिटिश अशा तिन्ही भागांचे व्हिसाचे नियम वेगवेगळे तपासा. सेंट मार्टिनचा एक भाग फ्रान्सचा असला तरी तो शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, येत नाही.

दुसरी चूक फोटो बघून किनारा ठरवण्याची. हिवाळ्यात अटलांटिकमधून उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात. उत्तरेकडचा मीड्स बे हा किनारा एरवी काचेसारखा, पण अशा दिवशी लाट थेट वाळूवर आपटते आणि गुडघाभर पाण्यातही माणूस आडवा होतो. रिसॉर्टने लाल बावटा लावला की हुज्जत घालू नका. गाडी काढा, दक्षिणेच्या राँदेव्हू बेला जा. तिथं त्याच दिवशी पोरं निवांत डुंबत असतात. उन्हाळ्यात बऱ्याचदा उलटं होतं: सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांना लागतं, कुजलं की वास मारतं. तेव्हा उत्तरेला पळा. सगळे किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे दुसऱ्या हॉटेलसमोर पथारी टाकायला लाजू नका. फक्त त्यांच्या आरामखुर्च्या आपल्या समजू नका.

स्वस्त दर दिसला म्हणून सप्टेंबर गाठू नका. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळाने बेट झोडपून काढलं होतं. शिवाय त्या काळात अनेक रिसॉर्ट आणि हॉटेलं दुरुस्तीसाठी बंदच असतात.

गाडी डाव्या बाजूने चालवायची, म्हणजे आपल्या सवयीची. गंमत अशी की बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच असतं. तात्पुरता स्थानिक परवाना गाडी भाड्याने देणाराच करून देतो.

बिलाच्या बाबतीत एकच सांगतो. खोलीच्या दरावर कर आणि सर्व्हिस चार्ज वेगळा लागतो का, ते बुकिंगआधी लेखी विचारा. मेनूवरचा दर अमेरिकन डॉलरमध्ये आहे की पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये, हेही पाहा. एका अमेरिकन डॉलरला २.७० असा ठरलेला भाव आहे.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मासे, अंडं, चिकनचं सूप यातलं काय चालणार नाही ते एकेक करून ईमेलमध्ये लिहा, आणि पोचल्यावर शेफला पुन्हा सांगा.

आणि कॅरिबियन किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं खाली पडलेली दिसली तर उचलू नका. ते मँचिनीलचं झाड, अत्यंत विषारी. पाऊस आला तरी त्याच्या आडोशाला उभं राहू नका. पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानंही अंगावर फोड येतात.