डॉसमधला जुना डेटाबेस नव्या संगणकावर चालवताना या चुका टाळा

डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीसाठी डीबेस थ्री प्लस, क्लिपर किंवा फॉक्सप्रो २.६ या डेटाबेस-साधनांत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही, कारण १६-बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच तिच्यात नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिट स्वरूपातच मिळते. म्हणून एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लागतो. बहुतेक जण मूळ डॉसबॉक्स उतरवून घेतात; परंतु तो खेळांसाठी बनवलेला असून त्यात प्रिंटरची सोय नाही आणि दोघांनी एकच फाइल उघडल्यास नोंदी लॉक करण्याची व्यवस्थाही नाही. कार्यालयीन कामासाठी डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस निवडावा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रोग्रॅममधून बाहेर न पडता खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर क्लिक करणे. नोंदी साठवणाऱ्या डीबीएफ फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, एकूण नोंदींची संख्या असते आणि ती पुष्कळदा फाइल बंद होतानाच अद्ययावत होते. मध्येच खिडकी बंद केली, तर नव्या नोंदी डिस्कवर पोहोचूनही मोजणीत येत नाहीत आणि पुढची नोंद त्यांच्यावरच लिहिली जाण्याचा धोका राहतो. अशा वेळी आधी संपूर्ण फोल्डरची प्रत काढावी. मेमोच्या, म्हणजे लांब मजकुराच्या, डीबीटी किंवा एफपीटी फायली त्यात हमखास विसरल्या जातात. नोंदींचा अनुक्रम ठेवणारी इंडेक्स फाइल नव्याने बांधणाऱ्या ‘रीइंडेक्स’ आज्ञेने हेडरमधील संख्या दुरुस्त होत नाही, आणि इंडेक्स फाइलच बिघडली असेल तर ती आज्ञाही निरुपयोगी ठरते, कारण अनुक्रमाचे सूत्र ती त्याच फाइलमधून वाचते. हे सूत्र मूळ प्रोग्रॅममधून आधीच उतरवून ठेवलेले बरे.

डेटाचे फोल्डर वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन साठवण सेवेत ठेवून काम करू नये. उघड्या फायलींची अर्धवट प्रत तिथे जाऊ शकते.

मराठी मजकूर असेल तर वेगळीच गफलत होते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या, संगणकात भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट कार्डावर टंकलेली नावे इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतांत साठवलेली असतात. एम्युलेटरमध्ये ते कार्ड नसल्याने पडद्यावर चौकटी आणि परकी चिन्हे दिसतात. डेटा खराब झालेला नसतो, त्यामुळे नावे पुन्हा टंकू नयेत. प्रतीवर इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतर करावे.

फॉक्सप्रो सुरू होतानाच शून्याने भागाकाराची त्रुटी दाखवत असेल, तर डेटावर संशय घेण्यापूर्वी एम्युलेटरच्या सेटिंगमधील ‘सायकल्स’ची, म्हणजे वेगाची, संख्या कमी करून पाहावी.

छपाईत कचरा उमटला, तर प्रिंटर बदलण्याची घाई नको. जुने प्रोग्रॅम एपसन डॉट मॅट्रिक्सचे नियंत्रण-संकेत पाठवतात आणि आजचे अनेक साधे लेझर प्रिंटर ते ओळखत नाहीत. डॉसबॉक्स-एक्समधील आभासी प्रिंटर ते संकेत वाचून पान तयार करतो व विंडोजमार्फत छापतो.