टेबलावरची आधुनिक लढाई: या चुका टाळा

सैनिक-रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून टेप आणि फाशांनी खेळायच्या या लढाईत सगळ्यात जास्त भांडणं अंतरावरून होतात. १५ मिमी आकृत्यांचं प्रमाण साधारण १:१००, म्हणजे टेबलावरचा एक सेंटीमीटर हा एक मीटर. तसं धरलं तर सहा फुटी टेबल जेमतेम १८० मीटरचं, आणि आरपीजी-७ हे खांद्यावरून डागायचं रणगाडाभेदी शस्त्र चालत्या रणगाड्यावर ३०० मीटरपर्यंत चालतं. म्हणून नियमांत जमिनीचं माप वेगळं ठेवतात. समजा १ इंचाला २० मीटर. आरपीजी झालं १५ इंच. गोम पुढे आहे: त्याच मापाने तोफेची नळी सोडून ७ सेंटीमीटरचा टी-७२ रणगाडा चक्क ५५ मीटर लांब होतो! एक जण नळीच्या टोकापासून मोजतो, दुसरा मागच्या कडेपासून, आणि नेम लागणार की नाही हे फाशांऐवजी टेप ठरवते. गाडीचं माप टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) मध्यापासून, पायदळाचं बेसच्या (आकृत्या चिकटवलेल्या तळपट्टीच्या) मध्यापासून, दोघांनाही सारखं. आणि दोन गाड्यांत किमान तीन इंच सोडा. चिकटवून उभे केलेले रणगाडे म्हणजे शुक्रवारी म्हापसा बाजाराबाहेरचं पार्किंग. तोफखान्याच्या एकाच माऱ्यात सगळे जातात.

दुसरी खोड जमिनीची. माड, चिऱ्यांचे गडगे, खाजनाचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध हौसेने बनवतात, पण त्यांचा खेळात अर्थ काय, हे कुणी ठरवत नाही. मग असा डाव होतो: तीन टी-७२ बांधावरून एकामागून एक. पहिल्याला आरपीजी लागलं, वाट बंद. मधला म्हणतो, शेतात उतरतो. समोरचा म्हणतो, भरतीचं पाणी आहे, ४१ टनांचं धूड रुतणारच. नियमपुस्तकात खाजन कुठून असणार? पाऊण तास वाद, शेवटी फासा, आणि तोवर डावातला जीव गेलेला. मांडणी झाली की प्रत्येक गोष्टीपुढे कागदावर तीन उत्तरं लिहा: गाडी जाते का, पलीकडचं दिसतं का, आडोसा किती. गडगा: पायदळाला पक्का आडोसा, रणगाड्याची चाल निम्मी. खाजन: चाकांच्या गाडीला बंद, पट्ट्यांच्या गाडीने शिरताना फासा टाकायचा, १ किंवा २ आला की डाव संपेपर्यंत तिथेच. दहा मिनिटांचं काम, पण 'आधी खेळूया रे' म्हणणाऱ्यांना तेवढाही दम नसतो.

समोरचा कुणी ओव्हरवॉचवर, म्हणजे तुम्ही हललात की गोळी झाडायला टपून असेल, तर अख्खी चाल एकदम करू नका. दोन इंच सरका, थांबा, 'झाडतोस का?' विचारा.

बीएमपी-२ या पायदळ नेणाऱ्या चिलखती गाडीतले सात जवान आरपीजीच्या टप्प्यात शिरण्याआधी उतरवा. गाडी पेटल्यावर उतरवायला कुणी उरत नाही.

लहान बंद खोलीतून आरपीजी डागू देऊ नका, नियम गप्प असले तरी. मागचा झोत डागणाऱ्यालाच भाजतो.

पुस्तकातले नियम जसेच्या तसे दोनदा खेळल्याशिवाय घरचे नियम जोडायचे नाहीत.

आणि जून ते सप्टेंबर रंगवलेल्या आकृत्यांवर मारायचा मॅट वार्निशचा स्प्रे कपाटात ठेवा. दमट हवेत रंगावर पांढरी धूसर साय धरते. तेवढे महिने ब्रशने, पातळ दोन हात.