कार्ड उघडण्याआधी: ग्राफिक्स कार्डाचं तापमान आणि कॅबिनेटमधली हवा यांची तयारीची यादी

कार्ड तापतंय म्हणून लगेच पंखे मागवू नका आणि स्क्रूड्रायव्हरही हातात घेऊ नका. दोष कॅबिनेटचा आहे की कार्डाचा, हे आधी ठरवायचं. त्यासाठी लागतं एक साधं थर्मामीटर, तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम, आणि कागद-पेन. थर्मामीटर कॅबिनेटमध्ये हवा शिरते त्या तोंडाशी ठेवा. खोली पाच अंशांनी तापली की, पंख्यांचा वेग तोच असेल तर, कार्डही साधारण तेवढंच वर चढतं. त्यामुळे खोलीचं तापमान न लिहिलेल्या दोन नोंदींची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

तापमानाचे आकडे तीन लिहायचे: कोर (मुख्य चिप), हॉटस्पॉट (त्याच चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) आणि मेमरी जंक्शन (मेमरी चिप्सच्या आतलं तापमान). कोर ७० वर आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या कार्डाची मेमरी १०५ वर असू शकते. जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांत हे हमखास दिसतं. त्यातही आरटीएक्स ३०९० ची २४ पैकी १२ मेमरी चिप्स पाठीमागच्या बाजूला आहेत. हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग) पुढच्या बाजूला, त्यामुळे या चिप्सची उष्णता बॅकप्लेटमधून, म्हणजे पाठीमागच्या पत्र्यातून, जाईल तेवढीच जाते. ही मेमरी ११० अंशांना वेग कमी करते. ९५ च्या आत असेल तर डोकं लावू नका, सतत १०० च्या वर असेल तर लावा. कोर आणि हॉटस्पॉट यांच्यात १० ते १५ अंशांचा फरक नेहमीचाच. तो २५ च्या पुढे गेला तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकलेली किंवा सरकलेली असते, नाहीतर हीटसिंक एका बाजूने नीट टेकलेला नसतो. एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत ‘जंक्शन’ म्हणजेच हॉटस्पॉट, आणि त्याची मर्यादा ११० अंशांची. तिथे ९० दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. काही नव्या कार्डांत हॉटस्पॉट दिसतच नाही, तिथे उरलेल्या दोन आकड्यांवर भागवा.

चाचणीसाठी एकच गेम, एकच दृश्य आणि निदान २० मिनिटं. पाच मिनिटांत थांबलात तर हीटसिंक आणि कॅबिनेटमधली हवा अजून तापतच असते. कार्डाचे पंखे ६० टक्क्यांवर अडकवून ठेवा, नाहीतर सुधारणा झाली तरी पंखे हळू होतील आणि तापमान तेच दिसेल. गेममधली फ्रेमची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा काढून टाका आणि वॉटचा आकडाही लिहा. जीपीयू-झेडमध्ये वेग कमी होण्याचं कारण म्हणून ‘थर्मल’ आलं, तर तेही टिपा.

आता सगळ्यात उपयोगी पायरी, तीही फुकटची: साइड पॅनेल काढा आणि तीच चाचणी पुन्हा करा. कोर सात-आठ अंशांनी किंवा जास्त खाली आला तर कॅबिनेट गुदमरतंय. दोन-तीन अंशच फरक पडला तर नवे पंखे बसवून फारसं काही हाती लागणार नाही, गडबड कार्डातच आहे. कोर खाली आला पण हॉटस्पॉटशी असलेला फरक तसाच मोठा राहिला, तर दोन्हीकडे काम आहे.

कॅबिनेटकडे वळलात तर प्रत्येक पंख्याची दिशा तपासा. ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची तर टिश्यू पेपरची पट्टी समोर धरा. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवा. ब्रशने किंवा हवेच्या डब्याने धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवा, जोरात गरगरलेला पंखा बेअरिंग खराब करतो. मग हिशेब. हवेचं तापमान १० अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नसेल तर दर १०० वॉटमागे साधारण १८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. कार्ड आणि प्रोसेसर मिळून ५०० वॉट खात असतील तर ९० च्या आसपास. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर, जाळी आणि समोरची बंद काच मध्ये आली की प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो. समोर काच असेल तर आणखी पंखे लावण्याआधी ती काढून एकदा मोजून पाहा.

हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडते. वरच्या जाळीवर पुढच्या टोकाला हवा बाहेर टाकणारा पंखा बसवू नका. समोरून आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचायच्या आतच तो ती बाहेर फेकतो. तळाशी जागा असेल तर तिथला आत घेणारा पंखा कार्डाला थेट हवा देतो, मात्र कॅबिनेट गालिच्यावर ठेवलं असेल तर ते तोंड बंदच समजा. उभं बसवलेलं कार्ड काचेला चिकटलं असेल तर निदान दोन स्लॉटइतकं (साधारण चार सेंटिमीटर) अंतर सोडा.

बहुतेकांकडून निसटणारी गोष्ट म्हणजे पंख्यांचा वेग कशावर ठरतो. मदरबोर्ड तो सहसा प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतो. गेममध्ये प्रोसेसर निवांत आणि कार्ड तापलेलं, त्यामुळे कॅबिनेटचे पंखे ऐन गरजेला सुस्त राहतात. फॅनकंट्रोलसारख्या प्रोग्रॅममध्ये पुढचे पंखे कार्डाच्या तापमानाला बांधा. शिवाय एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यायची ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणून पाहा. मोठ्या कार्डांत फ्रेम थोड्याच कमी होतात, वॉट मात्र चांगलेच उतरतात, आणि एवढ्यावर भागलं तर कार्ड उघडायचं कामच उरत नाही.

उघडायचंच ठरलं तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा, मग सामान जमवा: ९० टक्क्यांवरचा आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, छोटे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, स्क्रूंसाठी कप्प्यांची डबी, पेस्ट आणि योग्य जाडीचे थर्मल पॅड (मेमरी चिप्सची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या). खरी मेख या जाडीतच आहे. जुना पॅड दाबून चपटा झालेला असतो, म्हणून त्याचं माप घेतलं तर कमी येतं. नेमक्या त्याच मॉडेलची जाडी शोधून घ्या, एकाच कार्डात दोन-तीन जाड्या असू शकतात. पॅड पातळ पडला तर मेमरीला टेकत नाही. जाड आणि कडक असेल तर तो हीटसिंकला उचलून धरतो आणि कोर नीट टेकत नाही. जाडीची खात्री नसेल तर थर्मल पुट्टी घ्या, ती दाबाप्रमाणे पसरते. पेस्ट वारंवार बाहेर सरकत असेल तर तिच्याऐवजी पीटीएम७९५० ही फेज-चेंज शीट वापरा. ती साधारण ४५ अंशांच्या पुढे मऊ होते, त्यामुळे खरा परिणाम दोन-चार वेळा तापून गार झाल्यावर दिसतो. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका: ते ॲल्युमिनियम खातं आणि सांडलं तर शॉर्ट करतं.

उघडण्याआधी कार्ड दहा मिनिटं तापवा म्हणजे पेस्ट सैल होते. मग वीज पूर्ण बंद करून ते बाहेर काढा. हीटसिंक हिसका देऊन उचलू नका, आत पंख्यांच्या वायरी जोडलेल्या असतात. प्रत्येक पॅडचा जागेवरच फोटो घ्या. बसवताना कोरभोवतीचे चार स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा.

नंतर तेच दृश्य, तोच पंख्यांचा वेग, तेवढेच वॉट, आणि खोलीचा फरक वजा करून आकडे ताडा. मेमरी उतरली पण हॉटस्पॉट चढला असेल तर पॅड जाड झाले आहेत. ते दबतील म्हणून वाट पाहू नका, कार्ड पुन्हा उघडा.