परसातल्या कोंबड्यांना आंबवलेलं खाद्य देताना या चुका टाळा

ज्या घरात इडली-आंबोळीचं पीठ आंबतं, तिथे कोंबड्यांचं खाद्य आंबवणं काही नवं नाही. फरक इतकाच की इडली वाफेवर शिजते आणि पिठातलं थोडंफार बिघडलेलं निभावून जातं. कोंबडीच्या पुढ्यात मात्र जे बादलीत असतं ते कच्चंच जातं.

कृती अशी. १ किलो कोरडा भरडा, सव्वा लिटर पाणी, दोन चमचे बिनमिठाचं ताक. हे कालवून कापडाने झाकायचं आणि सकाळ-संध्याकाळ तळापासून ढवळायचं. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू धान्यातल्या साखरेवर वाढतात, मिश्रणाचा सामू (पीएच) साडेचारच्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना वाढणं कठीण होतं. पहिल्या बारा-पंधरा तासांत या जिवाणूंनी बाजी मारली तर खाद्य आंबतं, नाही तर नासतं. पण सगळ्यात महागात पडणारी चूक बादलीत होत नाही, ती मापात होते.

ओल्या मापाने वाढणं

अंड्यावरच्या सुधारित कोंबडीला, म्हणजे ग्रामप्रियासारख्या जातीला, दिवसाला १०० ते १२० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. वरच्या प्रमाणात भिजवल्यावर ११० ग्रॅमचे जवळजवळ २५० ग्रॅम होतात. आता कोणी सवयीने ओलंच ११० ग्रॅम मोजून घातलं, तर कोंबडीच्या पोटात ५० ग्रॅमही धान्य गेलेलं नसतं, बाकी सगळं पाणी. ती भरपेट खाल्ल्यासारखी दिसते, मात्र थोड्याच दिवसांत अंडी कमी होतात, आणि दोष येतो आंबवण्यावर किंवा हवेवर. म्हणून वजन भिजवण्याआधी करायचं: १० कोंबड्यांना रोज ११०० ग्रॅम कोरडं. दिवसभर मोकळ्या चरणाऱ्या गावरान कोंबडीला संध्याकाळी ४०-५० ग्रॅम कोरड्याच्या हिशेबाने पुरतं.

‘आंबवलं की खाद्य निम्मंच लागतं’ हे ऐकायला छान वाटतं. बचत होते, पण ती पीठ उडून आणि सांडून वाया जात नाही एवढ्यापुरती.

नुसती कणी किंवा मका आंबवून पूर्ण आहार समजणं ही याच चुकीची धाकटी बहीण. आंबवल्याने प्रथिनं तयार होत नाहीत. मक्यात ती ९ टक्क्यांच्या आसपास, कणीत त्याहून कमी, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतात १६ ते १८ टक्के. घरी मिश्रण करायचं तर १०० किलोच्या हिशेबात मक्याचा भरडा ५५, सोयाबीन पेंड २५ आणि भाताचा कोंडा १० किलो, हे आंबवायला. शिंपल्याचा चुरा ८ किलो आणि खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण २ किलो (त्यात मीठ धरलं तर ३०० ग्रॅमच्या वर नको) वेगळं ठेवून खाऊ घालताना मिसळायचं. पेंडीऐवजी कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यातला प्रथिनांचं पचन अडवणारा घटक नुसत्या आंबवण्यावर सोडण्यासारखा नाही, तो भाजून किंवा उकडूनच मोडावा लागतो.

शिंपल्याचा चुरा बादलीत का नको? तो चुनखडीसारखाच आहे. आम्ल तयार होतं तसं तो ते मारत जातो, फेस दिसतो, पण आंबटपणा चढत नाही. तयार लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या विकतच्या दळलेल्या खाद्यात, कॅल्शियमसाठी चुनखडी आधीच असते, त्यामुळे तो भरड्याइतका आंबट होत नाही. त्याला विरजण जास्त लावायचं आणि दिवसभरात संपवायचं.

बुरशीचा मका ‘आंबवून चालवणं’

पावसाळ्यात पोत्याच्या तळाशी दाण्यांवर हिरवट-काळी भुकटी दिसते, कुबट वास येतो. धुऊन आंबवलं की चालेल, असा विचार होतो. चालत नाही. अफ्लाटॉक्सिन हे त्या बुरशीचं विष आंबट पाण्याने जाईल याचा भरवसा धरता येत नाही. ते कोंबडीचं यकृत खातं, पिल्लं तर फार लवकर दगावतात. शेंगदाणा पेंडीचंही तेच. असा मका गाईच्या आंबोणातही घालू नका, कारण त्या विषाचा अंश दुधात उतरतो.

बादलीतल्या खोड्या

ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलं की त्या दिवशी नळाच्या पाण्याला वास मारतो. ते पाणी थेट वापरलं तर क्लोरीन रोगजंतूंबरोबर आपल्या उपयोगाच्या जिवाणूंनाही मारतं आणि दुसऱ्या दिवशीही खाद्य नुसतं भिजलेलं राहतं. पाणी पसरट भांड्यात रात्रभर उघडं ठेवा किंवा विहिरीचं घ्या. प्रतिजैविक मिसळलेलं खाद्यही असंच अडून बसतं, ते कोरडंच द्यावं.

भांडं म्हणजे खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या (फूड-ग्रेड) प्लास्टिकची बादली, चिनी बरणी किंवा स्टेनलेस स्टील. जस्ताचा मुलामा असलेली बादली, तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम नको. आम्लाने धातू खाद्यात उतरतो. झाकण घट्ट लावलं तर वायू कोंडून ते उडतं.

अख्खं धान्य फुगून पाण्याच्या वर येतं आणि उघडा पडलेला थर आधी बुरशी धरतो. पाणी धान्याच्या वर दोन बोटं हवं. मॅशला मात्र एवढं पाणी घातलं तर पेज होते. त्याला मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटांतून पाणी ओघळू नये, इतकंच पुरे.

तास मोजून बसण्यापेक्षा नाकावर विश्वास ठेवा. मे महिन्यात विदर्भात सावलीतही एका रात्रीत काम होतं, डिसेंबरात नाशिककडे दोन-तीन दिवस लागतात. ताकासारखा किंवा आंबलेल्या पिठाचा वास आला की तयार. दारूचा किंवा नेलपॉलिशचा वास म्हणजे यीस्ट वरचढ झालं, वेळ जास्त झाला. पुढची बादली लवकर काढा आणि जुनं विरजण टाकून ताजं ताक लावा. वांतीसारखा किंवा कुजका वास आला तर सगळं खड्ड्यात. पृष्ठभागावर पातळ पांढरी साय आली आणि वास चांगला असेल तर ती यीस्टची, काढून टाकली की झालं. लोकरीसारखी वाढ असेल, किंवा काळा, हिरवा, गुलाबी रंग दिसला, तर वरचं काढून खालचं वाचवायला जाऊ नका. बुडबुडे आले नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही, वास आंबट हवा.

उरलेलं आंबट पाणी ओतून देऊ नका. कपभर पाणी पुढच्या किलोला विरजण होतं.

खाऊ घालताना

एकदम बदल केला तर कोंबड्या खाद्याकडे पाठ फिरवतात किंवा पातळ हगतात. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग ओलं, बाकी कोरडं, आठवड्यात पूर्ण. अर्ध्या-पाऊण तासात फस्त होईल तेवढंच घाला. उन्हाळ्यात दोन तासांनंतर गव्हाणीत उरलेलं उचला, नाही तर त्यावर माश्या अंडी घालतात. सकाळी कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी रिकामी असायला हवी. ती भरलेली, मऊ आणि तोंडाला आंबूस वास असेल तर ओलं खाद्य थांबवून पशुवैद्यकाला दाखवा.

खुराड्यातल्या तुसावर ओलं सांडू देऊ नका. ओल्या तुसात अमोनिया वाढतो आणि कॉक्सिडिओसिसच्या, म्हणजे रक्ती हगवणीच्या, परजीवीच्या अंड्यांना पोषक ओलावा मिळतो. म्हणूनच पिल्लांना पहिला आठवडा कोरडं स्टार्टर (पिल्लांचं खाद्य), नंतर उथळ ताटलीत थोडं ओलं. हगवणीत रक्त दिसलं तर तो आंबवलेल्या खाद्याचा दोष मानून वाट बघत बसू नका.

ओलं खाणारी कोंबडी पाणी कमी पिते. पिण्याचं स्वच्छ पाणी तरीही कायम हवं. आणि राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी आंबवलेलं देऊ नका. तहान लागलेली नसली तर काही कोंबड्या लसीच्या पाण्याला तोंडच लावत नाहीत. त्या सकाळी कोरडं खाद्य घाला, दोन-तीन तास पाणी उचलून ठेवा, मग लसीचं पाणी मांडा.